सशांना पळवणारा घरगुती स्प्रे खरंच काम करतो का? मिरची, लसूण आणि अंडं यांच्यामागचं विज्ञान

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांच्या मागच्या अंगणात झेंडूची रोपं लागतात. गणपती आणि दसऱ्याला दुकानातला महागडा गुच्छ आणण्यापेक्षा घरचा झेंडू असावा, हा हिशोब. संध्याकाळी रोपं लावायची, पाणी घालायचं, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा. आणि दोन दिवसांनी सकाळी बघावं तर रोपांच्या जागी बोटभर उंचीची खुंटं उभी असतात. पानं नाहीत, कळ्या नाहीत.

मग मोबाइलवर शोध सुरू होतो आणि रील्सचा पाऊस पडतो. मिरची उकळा, लसूण घाला, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, फवारा, ससा पुन्हा फिरकणार नाही! काही रील्समध्ये अंडं असतं, काहींमध्ये व्हिनेगर, काहींमध्ये चक्क डांबराच्या गोळ्या.

यातलं काय चालतं आणि काय नाही? थोडक्यात उत्तर असं: सगळ्यात जास्त फिरणारा मिरचीचा उपाय सशाच्या बाबतीत सगळ्यात लंगडा आहे, वासामुळे कुणालाच नको असलेलं अंडं त्यातल्या त्यात भरवशाचं आहे, आणि काही उपाय सशापेक्षा घरातल्या लहान मुलांसाठी धोक्याचे आहेत. आता जरा सविस्तर.

आधी, हा ससा कोणता?

मराठीत आपण सगळ्यांनाच ससा म्हणतो, पण त्यात दोन वेगवेगळे प्राणी येतात. आपल्या माळरानावर उड्या मारत जाणारा, लांब पायांचा, लांब कानांचा ससा हा एक प्रकार. त्याची पिल्लं उघड्यावर जन्मतात, तीही अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन. कासवाशी शर्यत हरलेला ससा याच जातकुळीतला. दुसरा प्रकार म्हणजे युरोपातला बिळात राहणारा ससा. त्याची पिल्लं जन्मतः उघडी आणि आंधळी असतात. आपण घरी पाळतो तो पांढरा ससा याचाच वंशज.

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात अंगणात येतो तो ‘कॉटनटेल’. शेपटीखाली कापसाच्या बोंडासारखा पांढरा झुपका, म्हणून हे नाव. तो स्वतः बीळ खणत नाही. झुडपाखाली, डेकखाली, लाकडांच्या ढिगाआड लपतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला चरायला निघतो. मादीची गर्भावस्था साधारण चार आठवड्यांची असते आणि एका हंगामात ती अनेकदा विते. त्यामुळे शेजारच्या कुत्र्याने एकाला पळवून लावलं तरी फार फरक पडत नाही. जागा रिकामी राहत नाही.

आणि खाणारा ससाच आहे ना, हेही आधी पाहा. सशाला वर आणि खाली धारदार पुढचे दात असतात. तो देठ कात्रीने कापल्यासारखा तिरका आणि स्वच्छ कापतो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते देठ ओढून तोडतं आणि टोक फाटकं, धाग्याधाग्याचं राहतं. नुकसान जमिनीपासून दोन फुटांच्या आत असेल आणि आसपास वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या असतील, तर पाहुणा ससाच. पानांना मधेच भोकं असतील तर ते गोगलगाय किंवा अळीचं काम आहे, त्यासाठी हा लेख नाही.

मिरची: आपल्याला ठसका, सशाला काय?

मिरची तिखट लागते ती कॅप्सायसिन नावाच्या रसायनामुळे. गंमत म्हणजे तिखट ही जिभेची चव नाहीच. आपल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं खरं काम भाजणाऱ्या उष्णतेची सूचना देणं. कॅप्सायसिन त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि मेंदूला निरोप जातो, ‘भाजतंय!’ फोडणीत मिरची जास्त झाली की डोळ्यांत पाणी, नाकात जळजळ आणि घरभर ठसका, हे सगळं त्यामुळेच. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन शोधलं आणि २०२१ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण हे प्रथिन प्रत्येक प्राण्यात अगदी सारखं नसतं. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो, हे आपण लहानपणापासून बघतो. पक्ष्यांमधलं टीआरपीव्ही१ कॅप्सायसिनला दाद देत नाही. म्हणूनच अमेरिकेत पक्ष्यांच्या दाण्यात तिखट मिसळून विकतात. खारी पळतात, पक्षी खातात.

आता सशाकडे या. २००४ साली ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात सशाचं टीआरपीव्ही१ वेगळं काढून तपासलं गेलं. उष्णता आणि आम्ल यांना ते नेहमीसारखा प्रतिसाद देत होतं. कॅप्सायसिनच्या गटातल्या रसायनांना मात्र ते माणूस आणि उंदीर यांच्या तुलनेत सुमारे १०० पट कमी संवेदनशील निघालं. संशोधकांनी त्या प्रथिनातलं फक्त एक अमिनो आम्ल बदललं, तर ही संवेदनशीलता परत आली. म्हणजे सशाच्या शरीरात एका छोट्याशा फरकाने तिखटाचं बटणच सैल बसवलेलं आहे.

हा अभ्यास युरोपीय सशाच्या प्रथिनावर झाला होता, अंगणातल्या कॉटनटेलवर नाही. आणि १०० पट कमी म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकेत सशांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही तयार फवारण्यांत तिखटाचा अर्क असतोच, पण तो संहत अर्क असतो. घरी आपण काय करतो? चार मिरच्या लिटरभर पाण्यात उकळतो. कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, ते तेलात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळतं. (तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही आणि दूध-दही कामी येतं, त्यामागेही हेच गणित आहे.) त्यामुळे उकळताना स्वयंपाकघरात आपल्याला खोकला येतो, पण बाटलीत उतरतं ते बहुतेक लाल रंगाचं पाणी.

शिवाय तिखट हा चाखल्यावर कळणारा उपाय आहे. म्हणजे सशाने आधी एक घास घ्यायचा आणि मग ठरवायचं. कोवळ्या रोपाच्या बाबतीत तो एक घास म्हणजेच अख्खं रोप असतं.

नुसती तिखटाची पूड वाफ्यात भुरभुरणं तर नकोच. ती वाऱ्याने उडते, कुत्र्या-मांजराच्या पंजाला लागते आणि पंजा चाटताना किंवा डोळ्यांवरून फिरवताना त्यांना खरंच भाजतं. त्यांचं तिखटाचं बटण शाबूत असतं.

अंडं: वास घाण, पण कामाचं

सशाला नाकाच्या अगदी पुढचं नीट दिसत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, मागून येणारी घार किंवा कोल्हा दिसावा म्हणून. तोंडापुढे काय आहे, हे तो वासाने, ओठांनी आणि मिशांनी ओळखतो. म्हणून त्याला थांबवायचं तर चवीआधी वासाशी खेळावं लागतं.

अंड्यातल्या प्रथिनांमध्ये गंधक भरपूर असतं. अंडं कुजायला लागलं की त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखी गंधकयुक्त रसायनं बाहेर पडतात. मांस पचवणाऱ्या प्राण्याच्या मूत्रातही गंधकयुक्त वास असतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात कोयोटीना काही काळ मांसावर आणि काही काळ खरबुजावर ठेवून त्यांचं मूत्र गोळा केलं गेलं. ते अन्नाजवळ ठेवल्यावर उंदीर, गिनीपिग असे प्राणी मांस खाणाऱ्या कोयोटीच्या वासापासून दूर राहिले, खरबूजवाल्याची त्यांना तेवढी भीती वाटली नाही. मूत्रातली गंधकयुक्त रसायनं काढून टाकली, तेव्हा मांसवाल्याचा धाकही कमी झाला. प्रयोग कुरतडणाऱ्या प्राण्यांवरचा असला तरी कल्पना स्पष्ट आहे. गवत खाणाऱ्या छोट्या जिवाला गंधकाचा वास म्हणजे ‘इथे मांस खाणारा कुणीतरी आहे’ अशी पाटी वाटते.

हरीण आणि ससे यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच फवारण्यांच्या लेबलवर ‘कुजवलेलं अंडं’ हा मुख्य घटक दिसतो, तो याचसाठी. घरच्या घरी करायचं प्रमाण कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने हरणांसाठी सांगितलेलं आहे: २० टक्के अंडं, ८० टक्के पाणी. सशासाठीही तेच वापरता येतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर चार अंडी आणि ८०० मिलिलिटर पाणी, साधारण एक लिटर द्रावण होतं. अंडी फोडल्यावर बलकाला चिकटलेली पांढरी दोरीसारखी गाठ काढून टाका, नाहीतर ती नोझलमध्ये हमखास अडकते आणि फवारणी तिथेच संपते. अंडी थोड्या पाण्यात चांगली फेटा, मिक्सर वापरलात तर फेस बसू द्या, मग उरलेलं पाणी घालून तलम कापडातून गाळा. पानावर टिकावं म्हणून भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब पुरे. जास्त साबणाने पानं करपतात.

अंडी आधी सडवत ठेवायची गरज नाही. पानावर पातळ थर वाळला की कुजण्याचं काम तिथेच होतं, आणि तेव्हाचा वास आपल्या नाकाला फारसा जाणवत नाही. उरलेलं द्रावण मात्र झाकण घट्ट लावून गॅरेजमध्ये ठेवू नका. आत वायू तयार होतो. पुढचं सांगायला नको, घरच्यांचे टोमणे वर्षभर पुरतील.

एक गोष्ट विसरू नका. हा स्प्रे फुलझाडांसाठी आहे. पालक, कोथिंबीर, मेथी, पुदिना यांवर कच्च्या अंड्याचं पाणी मारू नका. साल्मोनेला हा जीवाणू कच्च्या अंड्यात असू शकतो.

लसूण चालतो, पण उकळू नका

लसणाचा उग्र वासही गंधकाचाच. फक्त तो अख्ख्या पाकळीत नसतो. पाकळी ठेचली की आतलं एक विकर बाहेर येऊन अ‍ॅलिसिन तयार करतं, तेव्हा वास सुटतो. रील्समध्ये अख्ख्या पाकळ्या उकळत्या पाण्यात टाकतात, तिथेच घोळ होतो, कारण उष्णतेने ते विकरच निकामी होतं. लसूण आधी ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग गार पाण्यात भिजवून गाळा. हे पाणी अंड्याच्या द्रावणात मिसळलं तरी चालतं. नुसत्या लसणाचा वास उघड्यावर फार टिकत नाही.

फवारणी कधी आणि किती वेळा?

बहुतेकांचा स्प्रे इथे हरतो. द्रावण बरोबर असतं, फवारलेलंही असतं, पण एकदाच.

फवारा पडतो तो त्या दिवशी असलेल्या पानांवर. ट्युलिपचा कोंब वसंतात भराभर वाढतो. आठवड्याने वर आलेलं नवं पान कोरं असतं, आणि सशाला कोवळं नवं पानच हवं असतं. त्यामुळे कोलोरॅडोच्या शिफारशीत अंड्याची फवारणी सुमारे ३० दिवसांनी पुन्हा करा असं असलं, तरी रोपं जोरात वाढत असताना आठवड्या-दीड आठवड्याने नव्या वाढीवर हात फिरवावा लागतो. जोराचा पाऊस झाला की पुन्हा. स्प्रिंकलर चालू असेल तर त्याचंही पाणी पाऊसच समजा.

पानं कोरडी असताना, ऊन उतरल्यावर फवारा. भर दुपारी साबणाचं द्रावण पानावर वाळलं तर डाग पडतात. आधी एकाच पानावर मारून एक-दोन दिवस पाहा. आणि रोपं लावली त्याच दिवशी सुरुवात करा. एकदा सशाला चटक लागली की त्याला वाट बदलायला लावणं कठीण जातं.

हिवाळ्याच्या शेवटी, बर्फाखाली बाकी काही उरलेलं नसताना, कोणताही वास भुकेल्या सशाला अडवत नाही. तेव्हा तो गुलाबाच्या काड्या आणि छोट्या झाडांची सालसुद्धा सोलून खातो.

हे मात्र करू नका

डांबराच्या गोळ्या बागेत टाकणं हा जुना आणि वाईट सल्ला आहे. त्या नॅफ्थलीन किंवा तशाच कीटकनाशकाच्या असतात आणि बंद पेटीत कपड्यांसाठी बनवलेल्या असतात. अमेरिकेत लेबलवर सांगितलेल्या कामाशिवाय त्या उघड्यावर वापरणं बेकायदा आहे. कायद्यापेक्षा मोठं कारण म्हणजे त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. लहान मूल ती तोंडात घालू शकतं. जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांमध्ये नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटून जीवघेणा अशक्तपणा येऊ शकतो, आणि ही कमतरता भारतीयांमध्येही आढळते.

तंबाखूचं पाणीही नको. गावाकडे नैसर्गिक शेती करणारे अग्निअस्त्र बनवतात. त्यात गोमूत्र, कडुनिंब, मिरची, लसूण यांबरोबर तंबाखू असतो. ते किडींसाठी आहे. निकोटीन हे विष आहे, हातावाटेही अंगात शिरतं, आणि अंगणात मुलं खेळतात तिथे त्याचं काम नाही.

व्हिनेगरने ससा जाईल न जाईल, रोप नक्की जाईल. अ‍ॅसिटिक आम्लाने पानं करपतात, म्हणून तर ते तण मारायला वापरतात. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो, त्यामुळे त्या बाटल्या बागेच्या कपाटातच नकोत. कॉफीचा चोथा, दालचिनी, सुगंधी साबणाच्या वड्या यांनी अपाय फारसा नाही, पण त्यांच्या भरवशावर रोपं सोडू नका.

झेंडू लावला की ससा येत नाही, हे खरं का?

हा समज अमेरिकी बागकामात इतका पक्का आहे की वाफ्याच्या कडेने झेंडू लावायचा सल्ला अजूनही मिळतो. प्रत्यक्षात अनेक बागांत आधी झेंडूचाच फडशा पडतो. ट्युलिप, पॅन्सी, पेट्युनिया, सूर्यफुलाचे कोंब हे सशाचे आवडते. डॅफोडिलला तो सहसा तोंड लावत नाही, कारण त्याच्या कंदात आणि पानांत विषारी अल्कलॉइड असतात. लॅव्हेंडर, साल्व्हिया, आयरिस आणि कांद्याच्या कुळातली शोभेची फुलं त्याला सहसा नको असतात.

मग खरा उपाय?

जाळी. हे रीलमध्ये छान दिसत नाही, पण स्प्रेच्या कुठल्याही पाककृतीपेक्षा जास्त खात्रीचं आहे. कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी तारेची जाळी, भोकं एक इंचाची किंवा त्याहून लहान, उंची दोन फूट. खालची कड काही इंच जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूला वळवून खुंट्यांनी घट्ट ठोका, कारण कॉटनटेल उडी मारण्याआधी खालून फट शोधतो. अख्ख्या अंगणाला लावायची गरज नाही. झेंडूच्या वाफ्याला पहिले पाच-सहा आठवडे लावली तरी खोडं जाड होतात आणि मग अंड्याच्या फवारणीवर भागतं.

जाळी लावण्याआधी वाफ्यात आणि लॉनमध्ये एकदा वाकून बघा. वाळलेलं गवत आणि मऊ केस यांनी झाकलेला वाटीएवढा खळगा दिसला, तर ते कॉटनटेलचं घरटं असू शकतं. पिल्लं एकटी दिसली म्हणून ती सोडून दिलेली नसतात. आई दिवसातून एक-दोनदाच, अंधारात, काही मिनिटं दूध पाजायला येते, शिकाऱ्याला वास लागू नये म्हणून. खात्री करायची तर खळग्यावर दोन-तीन दोरे आडवे-उभे ठेवा. सकाळी ते हललेले दिसले की आई येऊन गेली. पिल्लं साधारण तीन आठवड्यांत निघून जातात. तेवढे दिवस तिथे गवत कापायचं यंत्र फिरवू नका. पकडून दुसरीकडे सोडण्याचा विचार असेल, तर अनेक राज्यांत त्याला परवानगी लागते.

भारतात काय?

पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत ससा येत नाही, तिथला वैताग कबुतरांचा. पण माळरानालगतच्या शेतात रानससा कोवळ्या पिकाला तोंड लावतो. शेतकरी बांधावर जुन्या साड्या बांधतात, रानडुकरांसाठी सलूनमधून आणलेले केस टाकतात. अंड्याचं पाणी इथेही कडेच्या ओळींवर मारून बघता येईल. फास लावणं किंवा विष घालणं मात्र गुन्हा आहे. रानससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे.

घरी पाळलेला ससा कुंड्या कुरतडत असेल, तर यातलं काहीच फवारू नका. तो युरोपीय जातीचा, म्हणजे मिरचीच्या त्या संशोधनातला. तिखटाने तो थांबेल याचा भरवसा नाही, आणि कांदा-लसूण सशाला बाधतो, त्याच्या रक्तपेशींवर परिणाम होतो. कुंड्या उंचावर ठेवा. कण्हेर असेल तर ती आधी हलवा, तिची पानं त्याच्या जिवावर बेतू शकतात.